अंजिराला कोणती जाळी लावू?

मदत हवी आहे. सासवडला परसात पूना अंजिराचं झाड आहे, डोक्याच्या जरा वर गेलेलं. मीठा बहाराची (उन्हाळ्यात पिकणाऱ्या हंगामाची) फळं जांभळी व्हायला लागली की बुलबुल आणि कोकीळ हजर! कच्ची तोडावीत तर अंजीर आंब्यासारखं आढीत गोड होत नाही, झाडावरच पिकावं लागतं. पातळ नायलॉनची मोठ्या छिद्रांची जाळी नकोच, तिच्यात पाखरांचे पाय अडकतात, कधी सापही. करंगळी जाणार नाही इतक्या बारीक छिद्रांची पांढरी जाळी कुणी वापरली आहे का? एप्रिल-मेच्या उन्हात आत फार उकडतं का? बांबूचा सांगाडा करून ताणावी, की फांद्यांना कापडी पिशव्याच बांधाव्यात? (शेंड्याची फळं पाखरांचीच, आईची तशी ताकीद आहे.) रात्री वटवाघळंही येतात, त्यांना यातली कोणती सोय पुरेल?