‘समलिंगी’ की ‘समलैंगिक’? माहितीपटाच्या सबटायटलमधील एक अडचण

सबटायटलवाला: शॅरन रॉजिओ यांच्या ‘१९४६’ या २०२२ सालच्या अमेरिकी माहितीपटाची मराठी सबटायटल्स मी काही मित्रांसाठी तयार करत आहे. चित्रपटाचा विषयच एक शब्द आहे. बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील नवव्या वचनात पौल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने ‘मालाकोइ’ आणि ‘आर्सेनोकोइताइ’ असे दोन ग्रीक शब्द वापरले होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी नव्या करारात त्या दोहोंच्या जागी मिळून ‘होमोसेक्शुअल्स’ हा एकच शब्द आला. मी तेथे ‘समलिंगी’ लिहिले. पण चित्रपटातील आजची माणसे स्वतःला ‘गे’ म्हणवतात, तेथेही माझ्याकडून ‘समलिंगी’च लिहिले गेले. त्यामुळे जो शब्द चुकीने घुसला, असे चित्रपट सांगतो, तोच मराठीत सर्वांच्या तोंडी बसला आहे. यावर उपाय काय?

जुना मास्तर: ‘समलिंगी’ हाच मराठी शब्द आहे. ‘समलैंगिक’ हिंदी वर्तमानपत्रांतून आला आणि आपण तो विनाचौकशी घरात घेतला. ग्रीक ‘मालाकोस’ म्हणजे मऊ. आपला ‘मवाळ’ त्याचाच भाऊबंद असावा, असे मला फार दिवस वाटते.

नगरकर: मास्तर, ‘मऊ’ हा संस्कृत ‘मृदु’वरून प्राकृत ‘मउ’मार्गे आलेला आहे आणि ‘मवाळ’ त्याच घरातला, नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळत नाही. शिवाय मवाळ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १९०७ चे सुरत अधिवेशन येणार आणि नामदार गोखले विनाकारण करिंथकरांच्या यादीत जाऊन बसणार.
माझी आठवण वेगळी आहे. लहानपणी घरी संध्याकाळी बायबलवाचन होत असे. हे वचन आले की ‘व्यभिचारी’पाशी वडील घसा खाकरत, चष्मा पुसत आणि थेट ‘चोर, लोभी’ येथे उडी मारत. मधले शब्द मी पुढे चोरून वाचले. ते कृतीचे वर्णन करणारे होते, माणसांच्या एखाद्या जातीचे नाव नव्हते. मूळ ग्रीकमध्येही ‘आर्सेन’ म्हणजे पुरुष आणि ‘कोइते’ म्हणजे शय्या. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात हे दोन शब्द शेजारीशेजारी उभे आहेत, पौलाने बहुधा तेथूनच जोडशब्द घडवला.

सबटायटलवाला: नेमकी हीच गोष्ट मला पडद्यावर दाखवायची आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पहिल्या शब्दासाठी ‘बायकी’ अशा अर्थाचा शब्द आहे, ल्यूथरच्या जर्मनमध्ये दुसऱ्यासाठी ‘मुलांना भ्रष्ट करणारे’. स्वभाव किंवा ओळख दाखवणारा ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द मुळात १८६९ साली जर्मनमध्ये छापला गेला. तो पहिल्या शतकातल्या पौलाच्या तोंडी घालणे म्हणजे शिवाजी महाराजांच्या हाती दुर्बीण नव्हे, मोबाइल देणे.

व्यवहारवादी: मग पौलाच्या वाक्यात ‘समलैंगिक’ ठेवा आणि आजच्या माणसांना ‘गे’च म्हणू द्या. पुण्याच्या रिक्षावाल्यालाही ‘गे’ कळतो. मराठीच हवी असा हट्ट असेल तर ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांनी कोणता शब्द घेतला ते पाहावे. पुण्यातील एका संस्थेने ‘समपथिक’ असे किती सुंदर नाव घेतले आहे.

जुना मास्तर: संस्थेचे नाव सुंदर आहे, पण तो सामान्यनाम म्हणून चालेल का? ‘तो समपथिक आहे’ म्हटले तर ऐकणारा विचारेल, कोणत्या वारीला निघाला आहे? आणि ‘लैंगिक’ हे विशेषण रोग, शिक्षण, छळ या सर्वांना लागते, माणसाला लावू नये.

नगरकर: १९५९ साली धर्मशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने १९४६ च्या त्या भाषांतराच्या समितीचे प्रमुख ल्यूथर वाइगल यांना पत्र लिहून हाच आक्षेप घेतला होता. ते पत्र पुढे येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडले. १९७१ च्या आवृत्तीत शब्द बदलला, तर त्या जागी ‘लैंगिक विकृत’ या अर्थाचा आला! दुरुस्ती झाली, पण ज्यांच्यावर शब्द फेकला जात होता त्यांना तिचा किती दिलासा मिळाला असेल, हा प्रश्नच आहे.

वसईकर: एक वेगळी शंका. चित्रपटात ‘चर्च’ जागोजागी येत असेल, त्याचे तुम्ही काय केले? ‘मंडळी’ लिहू नका. ‘मंडळीने त्याला घराबाहेर काढले’ असे वाचून आमच्याकडे लोक बायकोने काढले असे समजतील.

सबटायटलवाला: एका ठिकाणी ‘मंडळी’च लिहिले आहे.

वसईकर: बदला. इमारत असेल तर आमची आजी ‘देऊळ’ म्हणत असे, संस्था असेल तर ‘ख्रिस्तसभा’.

नगरकर: ‘ख्रिस्तसभा’ हे कॅथलिक झाले. हे लोक प्रोटेस्टंट आहेत, दिग्दर्शिकेचे वडील स्वतः पाळक, म्हणजे धर्मोपदेशक आहेत. आम्ही ‘मंडळी’च म्हणतो आणि त्यावर आजवर कोणी हसले नाही.

वसईकर: तुमच्यासमोर हसले नसतील.