गोचीड हरणं आणतात, की आपणच पोसतो?

जांबोटीकर: बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलकडेला राहणाऱ्यांनी बोला. चितळं, सांबरं शेतापर्यंत उतरतात आणि मागोमाग आमची गुरं कानापासून कासेपर्यंत गोचिडींनी भरतात. गेल्या साली माझी एचएफ, म्हणजे विदेशी जातीची दुभती गाय, लाल लघवी होऊन गेली. भीमगड अभयारण्य झालं 2011 ला, तेव्हापासून हरणं सुखी, आम्ही मेलो. वनखात्यानं जाळी मारावी.

गोठ्यातला: गाय गेली, वाईट झालं. पण लाल लघवीचा रोग देणारी गोचीड मुळात गुरांवरचीच. पिल्लू एकदा गाईवर चढलं की तीन आठवडे तिथंच वाढतं. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते. पडते कुठं? गाय जिथं बांधलेली तिथंच जास्त. बाजारातून आणलेली गाय तीन आठवडे वेगळी बांधली होती का?

जांबोटीकर: नाही. जागा कुठाय? पण टेक्सासचं बघा की! 1906 ला गोचीड संपवायची मोहीम सुरू, 1943 ला सीमेची पट्टी सोडून गोचीड संपली म्हणून जाहीर केलं, तरी मेक्सिकोकडून परत येतेच. कशावरून? हरणांवरून, आणि आपल्याकडून नेलेल्या नीलगाईंवरून.

गोठ्यातला: तिथं आधी गाई साफ केल्या, म्हणून हरणं नजरेत भरली. आपण अजून बाटलीचं झाकण मापून गोचीड मारायचं औषध, डेल्टामेथ्रिन, ओततोय. औषध पातळ पडलं की गोचीड मरत नाही, सरावते.

लोंढा लाईन: एक उलटी बाजू. माकडतापाची, म्हणजे 1957 ला शिमोग्याकडं सापडलेल्या रोगाची, गोचीड वेगळी. तिची पिल्लं उंदीर-पाखरांवर, माकडांवर वाढतात, पण मोठी झाली की रानात चरणाऱ्या गुरांवर मजेत पोसते. हरणांना लिहिता आलं असतं तर हा धागा त्यांनी काढला असता.

जांबोटीकर: मग गुरं रानात सोडू नको? वैरण तुम्ही घालणार?

कणकुंबीची सून: भांडा भांडा. गोठा झाडतं कोण, ते विचारा. आम्ही भिंतीच्या भेगा बुजवल्या आणि कोंबड्या मोकळ्या सोडल्या. गाय बसली की तिच्या अंगावरच्या टिपून खातात. सगळ्या गेल्या नाहीत, पण कमी झाल्या. तेवढ्यासाठी हरणांना जाळी लागली नाही.

जांबोटीकर: जाळीचं मी सोडलेलं नाही. पण कोंबड्या गावठीच लागतात काय?