गच्चीवरचे ड्रम (सी विंगचा ग्रुप)

सोनल, ७०३: कमिटीला परत विचारतेय. बेडरूमच्या छताला ओल आलीय, पोपडे गादीवर पडतायत. वर नेमके अप्पांचे झाडं लावलेले ड्रम. पाऊस तोंडावर आलाय. फोटो टाकलेत, बघायचे कष्ट घ्यावेत.

अप्पा, २०२: सौ. सोनलताई, नमस्कार. ओल टाकीच्या पाइपची आहे. मागच्या मे महिन्यात प्लंबर सांगून गेला. आपण तेव्हा गावी होतात.

सोनल, ७०३: मी गावी होते, ओल इथेच होती 🙏

राणे, १०४: गच्चीवर झाडांना पिण्याचं पाणी वापरू नये, असा एजीएमचा (वार्षिक सभेचा) ठराव आहे.

निमकर काकू, ३०१: शुभ सकाळ 🌹 माझा कढीपत्ता कोणी ओरबाडला? पार शेंडे खुडलेत.

मिहीर, ५०२: काकू, सीसीटीव्हीत फक्त बोका दिसतोय. फोडणी टाकत असेल.

सोनल, ७०३: विषय भरकटवू नका, प्लीज.

अप्पा, २०२: माझं वय ७६. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ६५ च्या पुढच्यांनीसुद्धा आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येईल अशी हालचाल करावी, शिवाय तीन दिवस ताकद आणि तोल सांभाळायचे व्यायाम. तळजाईचा चढ आता झेपत नाही. जिमवाला मला बघून आधी मुलाचा नंबर मागतो. गच्चीवर माती उकरतो, झारी भरतो, ऊठबस होते. आणखी काय करावं म्हाताऱ्यानं? टीव्हीसमोर बसावं?

राणे, १०४: ठराव पाहावा. पिण्याचं पाणी वापरू नये.

डॉ. मेघना, ४०१: अप्पांशी सहमत. पण अप्पा, दहा लिटरची झारी एका हातात म्हणजे एका बाजूला दहा किलो. पाच-पाचच्या दोन घ्या. उकिडवं बसू नका, पाट नको, जरा उंच स्टूल घ्या.

अमृता, २०२: थँक्यू मेघना! स्टूल आहे हो. परवा अप्पाच त्याच्यावर चढून कठड्याजवळ तोंडलीचा वेल बांधत होते.

अप्पा, २०२: अमृता, हे घरी बोलू.

मिहीर, ५०२: *हा मेसेज डिलीट केला आहे*

देशपांडे, ६०१: पीडब्ल्यूडीत उभा जन्म गेला म्हणून बोलतो. अर्धा कापलेला ड्रम शंभर लिटरचा. ओल्या मातीनं भरला की दीडशे किलोच्या पुढे. काल एक तिरका करून पाहिला. खाली कोबा, म्हणजे गच्चीवरचा सिमेंटचा थर, काळा पडलाय, चिरेतून वांग्याची मुळं आत गेलीत. वारा लागत नाही, मग वाळणार कसं? माती निम्मी करा, बाकी कोकोपीट आणि पालापाचोळा. ड्रम विटांवर चढवा आणि बीमच्या रेषेत न्या, स्लॅबच्या मध्यावर नकोत. ७०३ वरची जागा मोकळी करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवू. पाइप की कोबा, कळेलच.

डॉ. मेघना, ४०१: कुंड्यांखालच्या थाळ्याही रिकाम्या करा. डेंग्यूच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणी पुरतं, साधारण आठवड्याभरात अळीचा डास होतो.

सोनल, ७०३: देशपांडे काका म्हणतात ते मान्य. अप्पांच्या बागेला माझा विरोध नाही. फक्त पालकाची जुडी कधी आली नाही, ओल मात्र वेळेवर येते.

अप्पा, २०२: जुडी दाराला अडकवली होती. संध्याकाळी तशीच सुकून लोंबत होती, मीच काढून नेली.

सोनल, ७०३: बेल वाजवायची ना अप्पा.

निमकर काकू, ३०१: कढीपत्त्याचं कोणीच बोलत नाही.

सेक्रेटरी: सर्वांनी संयम ठेवावा. रविवारी सकाळी ९ वाजता गच्चीवर.

अप्पा, २०२: ९ ला ऊन चढतं. ७ ला या. ड्रम धरायला माणसं लागतील.

मिहीर, ५०२: माझी पाठ धरलीय हो अप्पा.

डॉ. मेघना, ४०१: वय ३४ 😄

राणे, १०४: पिण्याचं पाणी वापरू नये, असा ठराव

सोनल, ७०३: काका, कळला ठराव. तुम्ही येताय ना ड्रम धरायला?

राणे, १०४: रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत.