दाटी हवी तर तेरडा लावा

मुंबईत कॉटेज गार्डनचा, म्हणजे इंग्लंडच्या खेड्यांतल्यासारख्या दाट फुलबागेचा, नादच सोडा, असं इथे कुणी म्हटलंय. फॉक्सग्लव्ह, डेल्फिनियम ही थंड हवेची विलायती फुलझाडं मुंबईच्या उकाड्यात टिकत नाहीत हे खरंच आहे, पण म्हणून नादच सोडा, हे नाही पटलं. त्या बागेचा जीव दाटीत आणि आपोआप उगवणाऱ्या रोपांत असतो. आपल्याकडे ते काम तेरडा करतो. मुलुंडला तळमजल्यावरच्या आमच्या चार फुटी पट्ट्यात मी एकदाच बी टाकलं होतं. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लागलं की ते फटकन उकलून बिया उडवतं. पहिल्या पावसानंतर विटांच्या फटींतूनसुद्धा रोपं डोकं वर काढतात आणि गौरी येईपर्यंत गुलाबी-जांभळी फुलं!

मागे गुलबक्षी लावा, कापली तरी कंदातून पुन्हा फुटते. वाफा मात्र वीतभर उंच हवाच, जुलैत पाणी साचलं की तेरडा बुडाशी कुजतो.