दाताच्या गोळ्या संपल्या आणि आठवड्यात साल्मोनेला, दोन्हीचा संबंध असतो का?

वारजेवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा. गेल्या महिन्यात माझी अक्कलदाढ काढली, त्यानंतर पाच दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह आणि सोबत मेट्रोनिडॅझोल अशी दोन अँटिबायोटिकं होती. कोर्स संपून सहाच दिवस झाले होते आणि रविवारी सोसायटीत एका वाढदिवसाला अंड्याच्या मेयोनीजचं सँडविच खाल्लं, मेयोनीज कच्च्या अंड्याचं घरी केलेलं आणि दुपारभर बाहेरच होतं हे नंतर कळलं. आम्ही चौघांनी खाल्लं. मुलाला काही नाही, सासूबाईंना काही नाही, नवऱ्याला सोमवारी मुरडा आला, दोनदा जाऊन आला आणि संपलं. मला मात्र सोमवार दुपारपासून जे सुरू झालं ते आठ दिवस, १०२ ताप, दिवसाला बारा-पंधरा वेळा जुलाब, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी. स्टूल कल्चरमधे साल्मोनेला आला.

रिपोर्ट आला तोवर ताप उतरला होता, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही, म्हणाले ओआरएस चालू ठेवा, हा आपला आपण जाईल. सासूबाईंचा तेव्हापासून एकच धोशा, "रिपोर्टात जंतू दिसतोय आणि गोळी नाही म्हणजे काय?" खरं सांगायचं तर मलाही पटत नाहीये. आणि दुसरं म्हणजे एकाच ताटातलं खाऊन मलाच एवढं का झालं? दाताच्या गोळ्यांनी पोटातले चांगले बॅक्टेरिया मेले म्हणून असं होतं का, की हे नुसतं व्हॉट्सॅपवरचं ज्ञान आहे?

भोसरी_लॅब

ताई, व्हॉट्सॅपवरचं नाही, हे जुनं आणि पक्कं आहे. मी मायक्रोबायोलॉजीवाली, भोसरीत फूड टेस्टिंग लॅबमधे आहे, रोज साल्मोनेलाच शोधत असते.

१९५४ साली अमेरिकेत बॉनहॉफ आणि मिलर यांच्या टीमने उंदरांवर प्रयोग केला. साध्या उंदराला साल्मोनेलाची लागण करायला साधारण एक लाख जंतू तोंडाने द्यावे लागायचे. त्याच उंदराला आधी स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचा एक डोस दिला तर दहापेक्षा कमी जंतू पुरले. जंतू तोच, उंदीरही तसाच, फक्त आतड्यातली वस्ती उठवलेली. माणसांमधेही हे दिसलंय, १९८५ मधे शिकागोच्या भागात दुधातून साल्मोनेलाची साथ आली होती, तपासणीत सिद्ध झालेल्या केसेसच १६,००० च्या वर, आणि त्यात आधीचे काही आठवडे अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांना लागण होण्याची शक्यता जास्त निघाली.

आता हे का होतं. आपल्या मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले क्लॉस्ट्रिडिया गटातले बॅक्टेरिया आपण न पचवलेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आतड्याच्या भिंतीच्या पेशी तेच इंधन म्हणून जाळतात आणि जाळताना ऑक्सिजन संपवून टाकतात, त्यामुळे तो पोकळीत झिरपत नाही. मेट्रोनिडॅझोल हे नेमकं ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या बॅक्टेरियांवरचं औषध आहे, दाताच्या इन्फेक्शनला म्हणूनच देतात, पण ते हिरडी आणि आतडं असा फरक करत नाही. ब्युटिरेट कमी झालं की भिंत ऑक्सिजन जाळायचा थांबते, तो आत झिरपतो, आणि साल्मोनेलाला ऑक्सिजन मिळाला की तो जोमाने वाढतो. शिवाय एरवी ज्या साखरा हे शेजारी खाऊन टाकतात त्याही शिल्लक राहतात.

तरी फक्त गोळ्यांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, कुणाच्या सँडविचमधे किती जंतू गेले त्यावरही बरंच असतं. पण तुमचा अंदाज चुकीचा नाही.

वारजेवाली

बापरे, दहापेक्षा कमी! थँक्यू ताई, एवढं कुणीच समजावलं नव्हतं. पण मग एक सांगा, जुलाब म्हणजे शरीर जंतूला बाहेर ढकलतंय असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय, तर त्याने उलट चांगले बॅक्टेरियापण वाहून जात असतील ना? आणि साल्मोनेला का नाही वाहून जात?

भोसरी_लॅब

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, मला यातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे.

आमच्याकडे सँपल आलं की पहिल्या दिवशी साध्या पेप्टोन वॉटरमधे टाकून ठेवतो, दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं टेट्राथायोनेट ब्रॉथमधे, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात. हा ब्रॉथ ढवळला की खडू कालवलेल्या पाण्यासारखा पांढरट दिसतो कारण त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि वापरायच्या अगदी आधी त्यात आयोडीन घालायचं असतं, आधी घालून ठेवलं तर ब्रॉथ वाया. आयोडीनमुळे त्यातल्या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. यात बाकीचे बरेच बॅक्टेरिया मान टाकतात आणि साल्मोनेला फोफावतो, मग प्लेटवर लाल कॉलनी आणि मधे काळा ठिपका. ही पद्धत १९२३ पासूनची, पण साल्मोनेलाला ही करामत मुळात कशासाठी येते ते कुणालाच माहीत नव्हतं.

२०१० मधे कॅलिफोर्नियाच्या बॉयमलर यांच्या लॅबने ते दाखवलं. आतड्यातले बॅक्टेरिया हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तो विषारी म्हणून आतड्याची भिंत त्याचं थायोसल्फेट करून टाकते. साल्मोनेला आला की तो सुईसारख्या यंत्राने भिंतीच्या पेशींमधे आपली प्रोटीन्स टोचतो, भिंत सुजते, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू मारायला ऑक्सिजनचे जळजळीत रेणू सोडतात. त्या रेणूंनी थायोसल्फेटचं होतं टेट्राथायोनेट! म्हणजे मी जे आयोडीन घालून ट्यूबमधे करते तेच सुजलेलं आतडं आपोआप करतं. साल्मोनेला त्यावर श्वास घेतो, ऑक्सिजन नसला तरी. आपल्या बहुतेक बॅक्टेरियांना तेवढं जमत नाही, ते आंबवण्यावरच जगतात आणि मागे पडतात.

म्हणजे सूज ही साल्मोनेलाच्या फायद्याची आहे, तो ती मुद्दाम आणतो. भिंतीत घुसलेले त्याचे बरेच भाईबंद तिथेच मरतात, पण त्यांनी पेटवलेल्या सुजेवर पोकळीतले बाकीचे वाढतात. जुलाबाने सगळेच वाहून जातात ताई, पण जो भराभर वाढतो तो मागे उरतो. आणि बाहेर पडलेलाही वायाच जात नाही, पुढच्या माणसापर्यंत पोहोचायची त्याची तीच वाट.

निवृत्त_सिस्टर

मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे सासूबाईंची काळजी मला समजते, पण डॉक्टरांनी बरोबर केलंय. धडधाकट माणसाच्या साध्या साल्मोनेला जुलाबात अँटिबायोटिकने आजार काही लवकर आटपत नाही, उलट शौचातून जंतू जास्त दिवस जात राहतो, कारण आतड्यातली जी वस्ती परत बसत असते तीच पुन्हा उठते. वरची ताई जे सांगतेय त्याचाच हा भाग.

पण हे वाचून कुणी सरसकट तसंच करू नका. तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेला पेशंट यांना साल्मोनेला रक्तात उतरू शकतो, तिथे डॉक्टर अँटिबायोटिक देतात आणि द्यायलाच हवं. शौचात रक्त, न उतरणारा ताप, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं काहीही असलं तर घरी थांबायचं नाही. आणि टायफॉइड वेगळा! तोही साल्मोनेलाच, पण तो अंगावर व्हीआय नावाचं कवच घालून सूज न आणता गुपचूप रक्तात शिरतो, त्याला अँटिबायोटिक लागतंच लागतं. दोन्हीकडे नाव साल्मोनेला असल्यामुळे घरोघरी हा घोळ होतो.

ओआरएसचं पाकीट मोठं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असं नाही. उलटी होत असेल तर चमच्या-चमच्याने.

धायरीकर

मी सिंहगड रोडला राहतो. जानेवारी २०२५ मधे आमच्याकडे जीबीएसची (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) साथ आली होती, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, आमच्याच गल्लीतला एक तरुण मुलगा व्हेंटिलेटरवर होता, आता काठी घेऊन चालतो. तेव्हा कँपिलोबॅक्टर या जंतूचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तेही असंच पोटातून येतं का? आजही जुलाब झाले की घरात सगळ्यांच्या छातीत धस्स होतं.

भोसरी_लॅब

दादा, वाचून वाईट वाटलं, तो मुलगा पूर्ण बरा होवो. हो, तेव्हा पेशंटांच्या स्टूल सँपलमधे कँपिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. कोंबडीच्या आतड्यात तो निवांत राहतो, तिला फारसं काही करत नाही, आपल्याकडे मात्र दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या चिकनमधून येऊन जुलाब लावतो. त्याच्या पृष्ठभागावरच्या काही साखरा आपल्या नसांवरच्या साखरांसारख्या दिसतात, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी कधीकधी नसांवरच चाल करून जातात. बहुतेक लोक जुलाब होऊन बरे होतात, जीबीएस फार थोड्यांना होतो. पण जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायात मुंग्या, जिना चढताना पाय न उचलणं असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पाणी खळखळ उकळून प्या, आणि कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, ते शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीवर जातात.

वारजेवाली

सिस्टर, ताई, दोघींचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, त्या आता म्हणतायत मग रोज दोन वाट्या दही खा, वस्ती परत बसेल. खाऊ का? आणि स्वयंपाक मीच करते, तो केव्हापासून करू?

भोसरी_लॅब

दही-ताक पचत असेल तर जरूर खा, पण त्यातले बॅक्टेरिया बहुतांशी पाहुणे, येतात आणि जातात, उठून गेलेली क्लॉस्ट्रिडिया मंडळी दह्यात नसतातच. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका, २०१८ मधे इस्रायलच्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांची मूळ वस्ती परत यायला उलट जास्त वेळ लागला होता. जे उरलेत त्यांना खायला द्या. आधी पेज, मऊ भात, मग पोट स्थिरावलं की ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, भाज्या, थोडं-थोडं वाढवत.

निवृत्त_सिस्टर

जुलाब पूर्ण थांबून दोन दिवस होईपर्यंत ओट्याजवळ जाऊ नका. त्यानंतरही चार-पाच आठवडे जंतू शौचातून जात राहू शकतो, म्हणून संडासहून आलं की साबणाने नखांपर्यंत हात, टॉवेल वेगळा, आणि तेवढे दिवस कोशिंबीर वगैरे न शिजणारं जे असेल ते नवऱ्याला करू दे.

वारजेवाली

टॉवेल आजच वेगळा केला. उद्या भाकरी सासूबाई थापणार आहेत, कोशिंबिरीचं यांना सांगितलंय.