'डॉक्टर' चालतं मग 'शिक्षिका' का नाही? हाक मारायच्या शब्दांबद्दल प्रश्न

शब्दवेडी
मी एका परदेशी मुलाला ऑनलाइन मराठी शिकवते. व्याकरण चांगलं आहे त्याचं, पण परवा मेसेज आला, "शिक्षिका, मला हा धडा समजला नाही." वाक्यात एकही चूक नाही तरी वाचताना खटकलं. मी म्हटलं बाई म्हण नाहीतर मॅडम म्हण, तर तो म्हणाला डॉक्टरला तुम्ही डॉक्टरच म्हणता ना, तो पण पेशाचाच शब्द आहे, मग शिक्षिका का नाही? आणि मला उत्तरच देता आलं नाही. नंतर आठवत बसले तर यादी वाढतच गेली. मास्तर चालतं, शिक्षक नाही. मित्रा चालतं, शेजाऱ्या नाही. याला काही नियम आहे की नुसती सवय? बाकी भाषांतही असंच असतं का?

काना_मात्रा
असतंच, आणि हे फार सुंदर प्रकरण आहे. एखाद्याबद्दल बोलायचा शब्द वेगळा आणि त्याच्याशी बोलायचा वेगळा, हे बहुतेक भाषांत कुठे ना कुठे सापडतं. फ्रेंचमध्ये वकील म्हणजे आव्होका, पण वकिलाशी बोलताना म्हणायचं मेत्र. इंग्रजीत फिजिशियन आणि डॉक्टर, माणूस तोच, पण फिजिशियन म्हणून कुणी हाक मारत नाही. जपानीत शिक्षक, डॉक्टर, वकील या सगळ्यांना सेन्सेई चालतं, पण शिक्षकाच्या पेशाचा जो शब्द आहे, क्योशी, तो हाकेला नाही चालत. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याने जी चूक केली तीच जपानी शिकणाऱ्याची होऊ शकते.
नात्यांत तर अजून गंमत आहे. जपानी आणि कोरियन दोन्हीकडे मोठ्या भावाबहिणीला नात्याच्या शब्दाने हाक मारतात, धाकट्याला मात्र नावाने. कोरियनमध्ये धाकट्या भावंडासाठी दोंगसेंग शब्द आहे पण त्याने हाक मारत नाहीत. आपलं दादा-ताई तसंच की, धाकट्यासाठी हाकेचा असा शब्दच नाही.

उंबरा
मला वाटतं मराठीपुरतं कारण रूपात पण आहे. एकवचनी संबोधनाला आपण सामान्यरूप वापरतो, मित्र-मित्रा, बाळ-बाळा, देव-देवा. आता बघा हा 'आ' कुठे कुठे ऐकू येतो. एक तर खूप जवळच्या माणसाला किंवा देवाला, नाहीतर शिवीत, मूर्खा, चोरा, नालायका. मधलं, म्हणजे ओळखीच्या पण आदराच्या माणसाला तो चालतच नाही. "वकिला, इकडे ये" म्हणून बघा, लगेच अपमान वाटतो. म्हणून आपण शब्दाला रूप न देता तसाच ठेवतो, डॉक्टर, किंवा मागे साहेब, राव, बाई असं काहीतरी जोडतो. पोलिशमध्ये याच्या नेमकं उलटं आहे, तिथे डॉक्टरला आदराने हाक मारतानाच संबोधनाची रूपं वापरायची, पान दोक्तोर, म्हणजे डॉक्टरसाहेब, याचं पानिये दोक्तोझे होतं. म्हणजे विभक्तीत मुळात जवळीक किंवा अपमान काही नसतो, तो रंग आपण मराठीत चढवलाय.

शब्दवेडी
@उंबरा हे वाचून अंगावर काटा आला, इतकी वर्षं बोलतेय पण लक्षातच आलं नव्हतं. पण मग ड्रायव्हरचं काय? "ओ ड्रायव्हर, थांबा" चालतं ना, त्याला ना साहेब लागत ना काही.

जुनी_पाटी
इथे दोन कामं वेगळी करायला हवीत. एक लक्ष वेधायची हाक, आणि दुसरं बोलता बोलता मध्ये येणारं संबोधन. "ओ ड्रायव्हर, थांबा" ठीक आहे, पण "मला काय वाटतं ड्रायव्हर, पाऊस येईल" हे कसं वाटतं? आणि "मला काय वाटतं डॉक्टर, पाऊस येईल" अगदी सहज. आर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये इंग्रजीबद्दल हाच फरक मांडला होता, की हाकेला चालणारे शब्द पुष्कळ असतात, त्यातले संबोधनाला चालणारे बरेच कमी. आणि कुठला शब्द कुठे चालेल ते अर्थावरून पक्कं सांगता येत नाही, शब्दागणिक शिकावं लागतं. त्यामुळे विद्यार्थ्याला नियम देण्यापेक्षा नवीन शब्दाबरोबर 'हाकेला चालतो का' हेही सांगत चला, जसं लिंग सांगतो तसं.
अजून एक, संबोधनाला आपल्या व्याकरणात कारक, म्हणजे नामाचं क्रियापदाशी असलेलं नातं, मानत नाहीत कारण त्याचा क्रियापदाशी संबंध नसतो. पण बास्क भाषेत जवळच्या माणसाशी बोलताना ऐकणारा पुरुष आहे की बाई ते क्रियापदातच दिसतं, वाक्यात त्याचा काही संबंध नसला तरी. आपलं "पाऊस आला रे" आणि "पाऊस आला गं" आठवा. पावसाला काय फरक पडतो, पण आपण कुणाला सांगतोय ते वाक्यात येतंच.

काना_मात्रा
रे-गं वरून आठवलं, बंगालीत आईवडील मुलीला मा आणि मुलाला बाबा म्हणतात, आणि अरबीत आई स्वतःच्या मुलालाच मामा म्हणते, ज्याचा अर्थ आई. म्हणजे हाकेचा शब्द समोरच्याचं नातं सांगतो हेही दरवेळी खरं नाही, कधी बोलणारा कोण आहे तेच त्यातून कळतं.

शब्दवेडी
वा. त्याच्या वहीत आजच हाकेचा वेगळा रकाना करायला सांगते. पण जिथे कुठलाच शब्द बसत नाही, उदाहरणार्थ शेजारी किंवा अनोळखी माणूस, तिथे काय लिहू?

उंबरा
तिथे नाम सोडून क्रियापद द्या. "अहो ऐका ना." हिंदीत सुनिए, इटालियनमध्ये सेंता, स्पॅनिशमध्ये ओइगा, सगळ्यांचा अर्थ ऐका. आणि मराठीत अहो, अरे, अगं यातलं कुठलं कुणाला, ते त्याला या आठवड्यातच शिकवा, कारण ते चुकलं तर शिक्षिका म्हणण्यापेक्षा जास्त खटकतं.