चालता चालता इंजिन बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते: दोष कसा शोधावा?

अंत्रुजकर:

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी असून ती आजवर सुमारे ९४,००० किलोमीटर चालली आहे. कामानिमित्त मी रोज फोंडा ते पणजी ये-जा करतो. गेल्या दीड महिन्यात ही गाडी पाच वेळा वाटेत बंद पडली. सकाळी जाताना काहीही होत नाही. संध्याकाळी परतताना रायबंदरच्या वाहतुकीत अर्धा तास रखडल्यानंतर, म्हार्दोळ ते फर्मागुडी या टप्प्यात, बहुतेक वेळा चढावरच, इंजिन अचानक थांबते. गचके बसत नाहीत, खोकल्यासारखा आवाज येत नाही, दिवे आणि वायपर मात्र चालूच राहतात. त्यानंतर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर पहिल्याच प्रयत्नात ते असे सुरू होते की जणू काही घडलेच नव्हते.

गाडी टोचन करून नेली तेव्हा गॅरेजमधल्या फिटरने सेल्फ मारून पाहिले आणि पेट्रोलचा पंप चालत नसल्याचे सांगितले. म्हणून पंप, फिल्टर आणि चारही प्लग बदलले. नवव्या दिवशी गाडी पुन्हा त्याच ठिकाणी उभी! आता तेच लोक ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) बदलायला सांगत आहेत. चवथ तोंडावर आली आहे आणि पैशांची उधळपट्टी करण्याची माझी तयारी नाही. तपासणी नेमकी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डिचोलीकर:

ईसीयूला इतक्यात हात लावू देऊ नका. आपण दिलेल्या वर्णनातच बरेच उत्तर आहे, फक्त इंजिन बंद पडण्याच्या त्या एका क्षणी काय होते ते नीट पाहायला हवे. गाडी गिअरमध्ये असताना इंजिनाला पेट्रोल मिळेनासे झाले तरी चाके त्याला फिरवत राहतात, त्यामुळे आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरतो. परंतु गाडी धावत असताना आणि क्लच दाबलेला नसतानाही काटा तत्क्षणी शून्यावर आपटला, तर इंजिन फिरत असूनही ते फिरत आहे हे ईसीयूला कळेनासे झाले, असा त्याचा अर्थ होतो. ही माहिती त्याला क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरकडून मिळते. ती तुटली की ईसीयू स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही एकदम थांबवतो, आणि म्हणूनच गचके न बसता गाडी दिवा विझावा तशी बंद होते.

आता पंपाविषयी. हा सिग्नल नसेल तर अपघाताच्या वेळी पेट्रोल सांडू नये म्हणून पंपाचा रिलेही (त्याची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) ईसीयूच तोडतो. सेल्फ मारताना पंपाला वीज मिळाली नाही, ही आपल्या फिटरची नोंद खरी असावी. चुकला तो निष्कर्ष. पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा तिथेच चावी बंद करून पुन्हा चालू करा आणि मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का ते ऐका. गुणगुण येते, पण सेल्फ मारताना काटा शून्यावरून जराही हलत नाही, असे आढळले तर पंप आणि रिले बव्हंशी निर्दोष आहेत. सुस्थितीतल्या गाडीत सेल्फ मारताना काटा साधारण दोनशे ते तीनशेपर्यंत उचलतो. (काही गाड्यांचे मीटर इतका कमी वेग दाखवत नाहीत, म्हणून आपल्या गाडीचे काय ते आधी घरी पाहून ठेवा.)

ओबीडी स्कॅनर (ईसीयूने नोंदलेले दोष वाचणारे यंत्र) लावून नोंदलेले कोडही वाचा. पी ०३३५ किंवा पी ०३३६, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सिग्नलचे दोष, आढळल्यास दिशा पक्की होते. कोड नसला म्हणून मात्र सेन्सर निर्दोष ठरत नाही.

सासष्टीकर:

वरील विवेचन पटले, तरी इग्निशन स्विचचा विचार एकदा व्हावा. चावीला घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि त्या वजनाने स्विचमधले संपर्क झिजतात. दिवे चालू राहिले म्हणून स्विच सुटत नाही, कारण इंजिनाची वीज त्याच्यातल्या वेगळ्या संपर्कातून जाते. बंद पडतेवेळी एअरबॅग किंवा एबीएसचे दिवे क्षणभर नव्याने उजळतात का, तेवढे पाहावे.

दुसरे म्हणजे, इंजिन थांबल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल एवढाच व्हॅक्यूम उरतो आणि स्टिअरिंगही जड होते. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नये, एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, अन्यथा स्टिअरिंग कुलूपबंद होईल. दोष सापडेपर्यंत जुवारी पुलावर किंवा अनमोडच्या घाटात ही गाडी नेऊ नका.

म्हापसेकर:

तीस वर्षे गॅरेज चालवतो, म्हणून एकच प्रश्न विचारतो: गेल्या वर्ष-दोन वर्षांत या गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवला होता का? क्लचप्लेट बदलली होती का?

विचारण्याचे कारण असे की, ‘क्रँक सेन्सर’ हा शब्द ऐकताच लोक सेन्सर बदलून मोकळे होतात आणि तारेकडे कोणी पाहत नाही. अनेक गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसतो आणि त्याची तार सायलेन्सरच्या गरम नळीजवळून जाते. काम करताना तारेचा क्लिप तुटतो, तो पुन्हा कोणी बसवत नाही, आणि तार लोंबत राहते. सेन्सर दोन तारांचा असेल तर मीटरने त्याचा रोध थंड असताना मोजा, मग केस वाळवायच्या यंत्राने गरम करून पुन्हा मोजा. काही शे ओहमपासून हजार-दीड हजारापर्यंतचा आकडा सामान्य असतो. गाडीनुसार तो बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा गरम झाल्यावर तो अमर्याद होतो का, हे महत्त्वाचे. तीन तारांच्या बहुतेक सेन्सरना ही चाचणी लागू नाही, तिथे वीजपुरवठा, अर्थ आणि सिग्नल वेगवेगळे पाहावे लागतात.

त्यानंतर सेन्सरच्या तारेचा कपलर (जोड) उघडा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पिनांवर हिरवा थर चढतोच. सँडपेपरने खरवडू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. बॅटरीची अर्थ पट्टी बॉडीला जिथे जोडली आहे तिथला गंजही याच वेळी काढून घ्या. सेन्सर घ्यावाच लागला तर स्वस्तातला घेऊ नका, गरम झाल्यावर तेच दुखणे परत आलेले मी पाहिले आहे.

अंत्रुजकर:

सर्वांचे आभार. उत्तराला अकरा दिवस लागले, कारण गाडी बंद पडण्याची वाट पाहावी लागली. एरवी जिची भीती वाटते तीच गोष्ट एकदाची घडावी म्हणून मनात देवाला विनवत होतो.

गेल्या गुरुवारी मंगेशीच्या पुढे चढावर ती तिसऱ्या गिअरमध्ये थांबली. सौ. शेजारी मोबाइल रोखून बसल्या होत्या, त्यांच्या चित्रफितीत काटा एका क्षणात शून्यावर आलेला स्पष्ट दिसतो. एअरबॅगचा दिवा उजळला नाही. चावी फिरवल्यावर पंपाची गुणगुण आली, सेल्फ मारताना काटा मात्र निपचित होता. दुसऱ्या दिवशी स्कॅनरवर पी ०३३५ मिळाला.

म्हापसेकरांच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत क्लचप्लेट बदलली होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तेव्हा सेन्सरच्या तारेचा क्लिप जागेवर नव्हता आणि तार सायलेन्सरच्या पत्र्याला टेकलेली होती. तिचे आवरण कडक होऊन तडकले होते, आणि आतली सिग्नलची तार बाहेरच्या जाळीला, म्हणजे पर्यायाने अर्थला, लागत होती. चढावर जोर पडताच इंजिन आपल्या माउंटिंगवर किंचित कलते आणि तार ओढली जाते, हे त्या मिस्त्रींनी हाताने इंजिन हलवून दाखवले; चढच का, हे मला तेव्हा उमगले. सेन्सरचा रोध थंड असताना आणि गरम असताना जवळपास सारखाच भरला, त्यामुळे तो बदलला नाही. तारेचा खराब तुकडा कापून तशीच कवचधारी तार जोडली, वर उष्णतारोधक नळी चढवली आणि नवा क्लिप बसवला.

तेव्हापासून साडेतीनशे किलोमीटर झाले आहेत, त्यात रायबंदरला पाऊण तास अडकून नंतर फर्मागुडीचा चढ चढल्याचे दोन प्रसंग आहेत. गाडी थांबलेली नाही. काढून ठेवलेला जुना पंप बॅटरीला क्षणभर जोडून पाहिला, तो व्यवस्थित फिरतो.